पाच सुरांची ऊब

करार चौदा पानांचा होता आणि पिपाणीने तो घरी पोहोचेपर्यंत तीनदा पिशवीतून काढून पाहिला. वाचला नाही, नुसता पाहिला. पहिल्याच पानावर तिचं नाव होतं, नावापुढे 'यापुढे कलाकार असा उल्लेख' असं छापलं होतं, आणि तेवढ्यावर बाई हवेत. सातव्या वर्षी बासरी हातात घेतली, आता छत्तिसावं लागलं होतं, आणि एवढ्या वर्षांत छापील कागदावर तिला कुणी कलाकार म्हटलं नव्हतं. शाळेच्या कार्यक्रमांत ती 'साथीला' असायची, हॉटेलच्या फलकावर 'सायंकाळी संगीत' असायची. आता तिची स्वतःची रेकॉर्ड निघणार होती. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने तिला शिवी हासडली, तीसुद्धा तिला सुरात वाटली.

तिसऱ्या मजल्यावर आत्या दार उघडं टाकून खुर्चीत बसली होती. आत्यानेच पिपाणीला बासरी शिकवली आणि पिपाणी हे नावही तिनेच ठेवलं, कारण पहिली दोन वर्षं त्या बासरीतून खेळण्यातल्या पिपाणीसारखाच आवाज निघायचा. आता आत्या चौऱ्याहत्तरची होती. तिची फुफ्फुसं थकली आहेत असं डॉक्टर म्हणाले होते. आत्याला स्वतःला ते मान्य नव्हतं, जिने उंच झालेत असं तिचं मत होतं.

"आणलास कागद?"

"आणला! परवा चार वाजता सही करायला बोलावलंय."

"वाच."

"आत्या, चौदा पानं आहेत."

"मग पाणी पिऊन वाच."

कागदांच्या बाबतीत आत्याचा एक कायदा होता. फुंकणाऱ्या माणसाने कागद डोळ्यांनी वाचू नये, असं ती म्हणायची. मोठ्याने वाचावा, आणि पूर्णविराम येईपर्यंत दुसरा श्वास घेऊ नये. जिथे दम संपेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. ज्याला सरळ काही सांगायचंय तो समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवतो, असा तिचा हिशेब होता. घरभाड्याचा करार, दवाखान्यातले फॉर्म, शेगडीचं हमीपत्र, सगळं या घरात असंच वाचलं गेलं होतं. शेगडीच्या हमीपत्रात पिपाणीचा दम तीनदा संपला होता, आणि शेगडी पहिल्या वर्षातच तीनदा बिघडली होती.

पिपाणी पाणी प्यायली आणि तिने वाचायला सुरुवात केली. दुपारचं ऊन टेबलाच्या कडेवर होतं. पहिली दोन पानं सरळ गेली. आत्याने डोळे मिटले. ती झोपली की ऐकतेय हे सांगणं कठीण होतं, आणि पिपाणीलाही वाचता वाचता गुंगी चढायला लागली. शब्दांचा अर्थ मागे पडला आणि नुसती लांबी-रुंदी उरली. आखूड वाक्यं, मग मध्यम, मग एकदम एक असं आलं की संपेचना. पिपाणी त्याच्यामागे वाहत गेली आणि अर्ध्या वाटेत तिचा श्वास तुटला.

"काय होतं ते?" आत्याने डोळे न उघडता विचारलं.

"मुदत. तीन वर्षं." पिपाणीने वाक्य पुन्हा पाहिलं. "आणि मग अजून दोन. आणि मग पुन्हा दोन. कंपनीची इच्छा असेल तर."

"तुझी इच्छा नसेल तर?"

पिपाणीने पान उलटून पाहिलं, पुन्हा सरळ केलं. "तसं काही लिहिलेलं नाही."

"कर खूण."

ऊन टेबलावरून उतरून आत्याच्या गुडघ्यावर आलं. पाचव्या पानावर लिहिलं होतं की या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क पृथ्वीवर आणि पृथ्वीबाहेरही राहील.

"चंद्रावरसुद्धा?" आत्या म्हणाली.

"तसंच दिसतंय."

"वाजवू देत बापडे. तिथे हवा नाही म्हणतात, ऐकणार कोण? पुढे चल."

पुढे सातव्या पानावर एक खूण झाली. एकदा मुद्रित केलेली धून पिपाणीने पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी मुद्रित करायची नाही, असं तिथे होतं. नवव्या पानावर आणखी एक झाली. चाचणीच्या पहिल्या दिवसापासून वाद्याचा जो जो ध्वनी यंत्रापर्यंत पोहोचला तो सगळाच या करारात धरला जाईल, असं ते लांबलचक वाक्य म्हणत होतं. ते ऐकून आत्याने डोळे उघडले.

"आधी वाजवून बसलो, मग कागद आला. उलटं झालं, पिपाणे. आपण दोघी हुरळून गेलो."

खरंच गेल्या होत्या. गेल्या महिन्यात चाचणीला बोलावलं तेव्हा, कागद कुठाय, असं विचारायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. कंपनीने गाडी पाठवली होती, आणि गाडीच्या खिडकीतून ओळखीचे रस्तेसुद्धा परके आणि सुंदर दिसत होते.

चौदाव्या पानावर नुसत्या रिकाम्या ओळी होत्या. कलाकाराच्या ज्या रचना कंपनीला द्यायच्या नाहीत त्या इथे लिहायच्या. न लिहिलेलं सगळं खुलं. हे मात्र दोघींना एकदम पटलं. चाचणीला वाजवलेल्या अकरा सोडून आत्या एकेका धुनेची सुरुवात गुणगुणायची आणि पिपाणी तिचं घरातलं नाव लिहायची: खिडकीची, मोठ्या काकांची, आजारपणातली, दोन सूर कमी असलेली. ओळी संपल्या तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. आत्याला मध्येच एखादी वीस वर्षं न वाजवलेली धून आठवायची आणि ती पोरीसारखी टाळी वाजवायची. शेवटी एकेचाळीस झाल्या.

"राहिलं काही?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "घर अगदी झाडून झालं."

आणि खिडकीतली बासरी उचलून तिने ओठांना लावली, पाच सूर फुंकले आणि बासरी पिपाणीच्या हातात दिली. रियाजाची वेळ झाली होती.

आता हे पाच सूर काय ते सांगायला हवं. बांबू गार असला की बासरीचा सूर उतरतो, म्हणून वाजवण्याआधी तिच्यात श्वास सोडून ती कोमट करून घ्यावी लागते. हे सगळेच करतात. पण या घरात वाजवणाऱ्याने ते स्वतः करायचं नसे. थोरल्याने ठरलेले पाच सूर फुंकायचे, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये जरा थांबायचं, आणि गरम झालेली बासरी धाकट्याच्या हातात द्यायची. आत्याला तिच्या वडिलांनी अशी दिली, वडिलांना त्यांच्या काकांनी. याला घरात ऊब देणं म्हणत. पिपाणी हॉटेलात वाजवायला निघाली की आत्या दारातच ऊब द्यायची आणि पिपाणी ती बासरी लोकरी पिशवीत गुंडाळून, छातीशी धरून लगबगीने जायची. आत्याकडे आता तेवढाच श्वास उरला होता, पाच सुरांचा. पण ऊब ही काही धून नव्हे. घसा खाकरण्याला कुणी गाणं म्हणतं का? तेव्हा एकेचाळीस धुनांच्या यादीत ती लिहायला हवी, हे त्या दोघींना सुचणं शक्यच नव्हतं.

परवाच्या दिवशी चार वाजता पिपाणी कंपनीच्या ऑफिसात पोहोचली. जमिनीवर इतका मऊ गालिचा होता की आपण चालतोय हे चालणाऱ्यालाच कळू नये. साहेब गोरेगोमटे, झोपाळू डोळ्यांचे, भारी अदबशीर. त्यांचं प्रत्येक वाक्य 'खरं म्हणजे'ने सुरू व्हायचं. पिपाणीने पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. मुदत तीनच वर्षं राहू द्या म्हणाली, ते म्हणाले राहू द्या. पाच वर्षांची अट दोनवर आणा म्हणाली, ते म्हणाले आणू. नवव्या पानाचं विचारलं, ते म्हणाले यादीतलं सगळं वगळलंय की. एकेचाळीस धुनांच्या यादीवरून त्यांनी एकदाच नजर फिरवली आणि ती बाजूला ठेवली. पिपाणीला वाटलं, आपण मैदान मारलं. जो माणूस इतक्या खुशीने सोडतो त्याला हवं असतं ते दुसरंच काहीतरी, हे तिला पुढच्या दहा मिनिटांत कळणार होतं.

"खरं म्हणजे," साहेब म्हणाले, "तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

ते तिला आत घेऊन गेले. तिथे काचवाला बसला होता. मुद्रण करणाऱ्या त्या माणसाला पिपाणी मनातल्या मनात काचवाला म्हणायची, कारण चाचणीच्या दिवशी तो काचेमागे मान खाली घालून बटणं फिरवत होता आणि तिला फक्त त्याचं टक्कल दिसलं होतं. त्याने तिला खुर्ची दिली आणि एक बटण दाबलं.

खोलीत बासरी आली. एक सूर, मग दुसरा. प्रत्येक सुराच्या कडेला बारीक थरथर होती. तिसरा. चौथ्यापाशी श्वास थांबला, इतका थांबला की आता येत नाही असं वाटावं, आणि मग पाचवा आला, अगदी हलका, दाराच्या फटीतून आल्यासारखा. मग शांतता, आणि पुन्हा पहिला सूर. पिपाणीला त्या खोलीचा विसर पडला. ती सात वर्षांची होती, फरशी गार होती, आत्या खिडकीशी उभी होती आणि आत्याचे केस काळे होते. बासरी अजून हातात आली नव्हती पण आता येणार होती. आयुष्यात हजारो वेळा ऐकलेली गोष्ट तिने आज पहिल्यांदा ऐकली. डोळ्यांतून पाणी येतंय हे तिला गाल ओले झाल्यावर समजलं.

"पाहिलंत?" काचवाला हळूच म्हणाला. "अकरा धुना वाजवल्यात तुम्ही त्या दिवशी, आणि प्रत्येकीच्या आधी हे. मी महिनाभर दुसरं काही ऐकलेलं नाही."

"रेकॉर्ड यानेच सुरू होईल," साहेब म्हणाले. "आणि पुढे आमच्या प्रत्येक रेकॉर्डच्या सुरुवातीला हेच. कंपनीची ओळख म्हणून. तुमच्या यादीत पाच सुरांचं काही नाही, मी पाहून घेतलंय. जरा एकदा वाजवता? समोर ऐकायला आवडेल."

पिपाणीने पिशवीतून बासरी काढली. ऊब तिने स्वतः कधी फुंकली नव्हती, पण त्यात अवघड ते काय होतं? तिने पाच सूर फुंकले. ते स्वच्छ आले, गोल आले, चौथ्यापाशी ती बरोबर थांबली. साहेबांनी काचवाल्याकडे पाहिलं. काचवाल्याने डोकं खाजवलं.

"छान आहे," तो म्हणाला, "पण ती थरथर नाही आली."

"आज ओठ कोरडे पडलेत," पिपाणी म्हणाली.

हे खोटं तिच्या तोंडून इतकं पटकन गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. चाचणीच्या दिवशी मुद्रणाच्या खोलीत यंत्रांसाठी गारठा करून ठेवला होता. वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून आत्या शाल गुंडाळून जाड पडद्यामागे स्टुलावर बसली होती, आणि प्रत्येक धुनेआधी पडद्याच्या फटीतून ऊब दिलेली बासरी बाहेर येत होती. यंत्र चालू आहे हे दोघींना माहीत नव्हतं. पडद्यामागे म्हातारी आहे हे काचवाल्याला माहीत नव्हतं. आणि आता या दोन्ही गोष्टी फक्त पिपाणीला माहीत होत्या.

साहेबांनी पेन पुढे केलं. पिपाणीने पानं चाळल्यासारखं केलं आणि अकराव्या पानावर तिचा हात थांबला. परवा हेच पान तिने आत्याला अर्धवट झोपेत वाचून दाखवलं होतं आणि ते सरळ गेलं होतं. या मुद्रणातला प्रत्येक ध्वनी कलाकाराने स्वतः निर्माण केला आहे, असं तिथे होतं. केवढंसं वाक्य. तिने ते ओठांतल्या ओठांत वाचलं आणि 'स्वतः'पाशी तिचा दम संपला. पुन्हा वाचलं. पुन्हा तिथेच.

"ते माझं नाही," ती म्हणाली. "ते पाच सूर आत्याचे आहेत. ती पडद्यामागे होती."

काचवाल्याच्या तोंडाचा आ झाला. साहेबांच्या पापण्या मात्र जराही हलल्या नाहीत.

"खरं म्हणजे, काही अडचण नाही," ते म्हणाले. त्यांनी कुणाला तरी हाक मारली आणि पाच मिनिटांत एक पान छापून आलं. "आत्याबाईंची यावर सही आणा. एकच पान आहे."

"आणि नाही आणली तर?"

"मग आपण थांबू. तुमच्या बाकीच्या धुना छान आहेत हो, पण छान धुना आमच्याकडे कपाटभर आहेत."

पिपाणी घरी आली ती पाय ओढत. आत्याने तिचं तोंड पाहून आधी तिला बसवलं, मग सगळं सांगायला लावलं.

"मी कुठे वाजवलं?" ती म्हणाली. "मी तर नुसती ऊब दिली."

"त्यांना तीच हवीय. माझं बाकीचं नकोय."

"मग कान बिघडलेत त्यांचे. आण तो कागद. पेन कुठाय?"

आणि आत्या खरंच सही करायला बसली, चष्माही न लावता. खोटं कशाला सांगा, पिपाणीच्या मनात क्षणभर आलं की करू दे. एक सही, आणि रेकॉर्ड निघते. नावापुढे कलाकार. आत्याला तर रागही नाही. छत्तीस वर्षांत एकदा उघडलेलं दार, ते आपल्याच हाताने का लावायचं? तिने पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. मग तिची तिलाच लाज वाटली, इतकी की तिने आत्याच्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

"आधी वाच," ती म्हणाली. "मोठ्याने."

"तूच वाच की. तुझा दम चांगला आहे."

"सही तुझी, तर श्वासही तुझा. कायदा तुझाच आहे."

आत्याने चष्मा लावला. पानावर एकच वाक्य होतं, वरपासून खालपर्यंत.

"मी, खाली सही करणारी, सदर मुद्रणातील माझ्या श्वासाने..." आणि तिथे तिला खोकला आला. पाणी पिऊन तिने पुन्हा सुरुवात केली. 'सदर मुद्रणातील'पर्यंतच दम पुरला. तिसऱ्यांदा तर 'सही करणारी'च्या पुढे जाता येईना. चौथ्यांदा तिला हसूच फुटलं आणि हसता हसता पुन्हा खोकला. पिपाणी तिची पाठ चोळत राहिली. खिडकीतलं ऊन दोघींच्या पायांवर होतं आणि त्यात धूळ अगदी सावकाश फिरत होती.

"पिपाणे," आत्या म्हणाली, "माझ्याजवळ पाच सुरांचा श्वास उरलाय. तेवढ्यात मावेल ते मला कळतं. मावत नाही त्यावर सही कशी करू गं? पण तुझ्या आड येतेय मी."

"नाही येत."

"येतेय. म्हणून म्हणते, मला मावेल असं लिहू. त्यांना म्हणावं, हे घ्या. नाही घेतलं तर तू माझ्यावर रागाव, चांगली महिनाभर रागाव."

मग दोघी लिहायला बसल्या. वाक्य झालं की आत्या ते म्हणून बघायची, दम पुरला तर ठेवायचं, नाही तर एखादा शब्द काढायचा. असे किती शब्द निघाले! जे निघाले त्यांच्यावाचून काही अडलं नाही, हे पाहून पिपाणी चकित झाली. दिवेलागणीपर्यंत पाच वाक्यं उरली.

ऊब आमच्या घरची आहे.
ती विकलेली नाही.
एकदा वापरा.
खाली नाव लिहा.
ऊब देताना यंत्र बंद.

"हे शेवटचं कशाला?" पिपाणीने विचारलं.

"घसा खाकरताना कुणी कान लावून बसू नये म्हणून," आत्या म्हणाली. आणि कागदाची घडी करता करता म्हणाली, "ते आपल्या दोघींचं आहे."

साहेबांनी कागद पाहिला आणि त्यांच्या झोपाळू डोळ्यांत पहिल्यांदा जाग आली. हा काय शाळेतला बालवर्ग आहे का, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा म्हणाला. कागद वकिलांकडे गेला. एक आठवडा गेला, दोन गेले. पिपाणी हॉटेलात 'सायंकाळी संगीत' होत राहिली. रोज निघताना दारात ऊब मिळायची. पण आता ती मोजायला लागली होती. पाचवा सूर कधी कधी येईनासा झाला होता. तिने ते आत्याला सांगितलं नाही आणि आत्यानेही काही म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. चार वाक्यं मान्य, एकात वकिलांनी किरकोळ भर घातलीय, मी स्वतःच येतो, म्हणाले. काचवाल्याने म्हणे त्यांच्यामागे भुणभुण लावली होती.

साहेब आले ते तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून. दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडून 'खरं म्हणजे'सुद्धा निघेना.

"बसा," आत्या थांबत थांबत म्हणाली. "उंच झालेत हल्ली जिने. तुम्हीच वाचून दाखवा. फक्त पूर्णविरामापर्यंत दुसरा श्वास घ्यायचा नाही, आमच्याकडे असंच असतं."

साहेबांनी कपाळ पुसलं आणि वाचलं. पहिली तीन वाक्यं त्यांनी तशा धापेतही वाचली. चौथं आता चार ओळींचं झालं होतं. "कंपनीच्या मते शक्य, आवश्यक व जागेच्या दृष्टीने सोयीचे असल्यास, तसेच..." आणि ते थांबले. तोंड उघडं, चेहरा लाल. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडकले. आत्याने टेबलावरची पेन्सिल त्यांच्याकडे सरकवली.

साहेब पेन्सिलीकडे पाहत राहिले. मग ते एकदम मोकळं हसले, या माणसाला असं हसता येतं हे पिपाणीला खरंही वाटलं नसतं. त्यांनी त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'खाली नाव लिहा.'

आता आत्याची पाळी होती. तिने कागद हातात घेतला. "ऊब आमच्या घरची," ती म्हणाली, आणि पुढे नुसता वारा आला. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा तेवढंच. तीन आठवड्यांपूर्वी हे वाक्य तिला मावत होतं. पिपाणीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"'आहे' काढा," आत्या साहेबांना म्हणाली. "ऊब आमच्या घरची. पुरे तेवढं."

साहेबांनी 'आहे' काढला. आत्याने सही केली, आणि मग अकराव्या पानावर 'ते पाच सूर सोडून' अशी दुरुस्ती करून पिपाणीनेही केली.

रेकॉर्डचं खरं मुद्रण पुढच्याच आठवड्यात झालं; सुरुवातीला चाचणीतलीच ऊब जोडायची होती. खोली तशीच गार होती, पण पडदा बाजूला सारला होता आणि आत्याला पिपाणीच्या शेजारी हातांची खुर्ची दिली होती. काचेच्या वर एक लाल दिवा होता. तो लागला की यंत्र चालू. आत्ता तो विझलेला होता.

आत्याने बासरी ओठांना लावली. पहिला सूर आला. दुसरा आला. तिसरा आला, इतका बारीक की तो सूर होता की नुसता श्वास हे सांगता येईना. मग काही नाही. आत्याने बासरी तशीच जरा वेळ धरून ठेवली, आणि पिपाणीच्या हातात दिली.

बासरी तोंडाशी कोमट होती आणि पुढे गार. पिपाणीने आत्याकडे पाहिलं. आत्याने भुवया उडवल्या, लहानपणी धून अडली की उडवायची तशा. पिपाणीने चौथा सूर फुंकला. थांबली. आत्या थांबायची तेवढं थांबली, आणि मग पाचवा फुंकला. दोन्ही सुरांच्या कडेला थरथर होती.

तिने मान वर केली तेव्हा काचेमागे काचवाला हेडफोन काढून, मांडीवर ठेवून बसला होता. त्याने काहीही ऐकलं नव्हतं. आत्याने त्याला हाताने खूण केली आणि दिवा लागला.